एकट्याचे पत्र आणि त्याचा वाचक

लेखकाला वाचक हवा असतो, हे मुद्दाम सांगावयास नको. परंतु तो वाचक कोठून येतो, कसा टिकतो आणि कोणत्या कारणाने निघून जातो, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. वाचक मिळविणे हे प्रकाशकाचे वा संपादकाचे काम, लेखकाने केवळ लिहावे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ज्याच्या पाठीशी प्रकाशक नाही, वृत्तपत्र नाही, संस्था नाही, अशा लेखकाने काय करावे, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहतो.

पेडणे तालुक्यातील माझ्या एका माजी विद्यार्थ्याने हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. तो स्वतः आता शिक्षक आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो आपल्या भागाविषयी एक लेख लिहितो आणि ज्यांनी मागितला असेल त्यांना ई-मेलने पाठवितो. सहा महिन्यांत त्याला चाळीस वाचक मिळाले. “सर, चाळीस माणसांसाठी रात्री जागवायच्या का?” असे त्याने विचारले. त्याला तोंडी जे उत्तर दिले ते पुरेसे नव्हते. ते नीट मांडावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एका माणसाने लिहावयाचे, ठराविक दिवशी ते काढावयाचे आणि नावे नोंदविलेल्या वाचकांकडे ते थेट पोचवावयाचे, ही रीत नवी नाही. नवे आहे ते फक्त टपाल. इंग्लंडात डॉ. जॉन्सन यांनी ‘रॅम्ब्लर’ हे पत्र १७५० ते १७५२ या काळात आठवड्यातून दोनदा चालविले. त्याचे २०८ अंक निघाले आणि जवळजवळ सर्व लेखन त्यांचे एकट्याचे होते. प्रत्येक अंकाच्या प्रती मात्र पाचशेच्या आतच खपत. त्यापूर्वी १७११ मध्ये ॲडिसनने आपल्या ‘स्पेक्टेटर’च्या रोज तीन हजार प्रती जातात असे सांगून, प्रत्येक प्रतीमागे वीस वाचक धरावेत, असा हिशेब मांडला होता. हा हिशेब आपल्याला परका वाटू नये. श्रावणात एकाने पोथी वाचावी आणि ओटीभर माणसांनी ती ऐकावी, ही पेडणे-डिचोलीकडील घरांची जुनी रीत. तेथे पोथी एक असे आणि ‘वाचक’ पंचवीस असत.

मराठीत या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’. जानेवारी १८७४ मध्ये पुण्यास तिचा पहिला अंक निघाला, तेव्हा शास्त्रीबोवा चोवीस वर्षांचेही नव्हते आणि शिक्षकाची नोकरी करीत होते. मासिकाचे एकूण ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर त्यांच्या एकट्याच्या लेखणीचा होता. बातम्या नाहीत, चित्रे नाहीत, दुसऱ्या लेखकांची नामावळी नाही. केवळ एका माणसाचा विचार दर महिन्याला वर्गणीदाराच्या हाती पडे. असे मासिक कोण घेईल, अशी शंका तेव्हाही व्यवहारी माणसाला आली असेल. तरी ते चालले, आणि पुढे जे घडले त्याची भूमीही त्यानेच तयार केली. १८७९ मध्ये शास्त्रीबोवांनी सरकारी नोकरी सोडली, १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल उघडले आणि जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला. या उद्योगांत टिळक-आगरकरांचा वाटा केवढा मोठा होता हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांना जो सुशिक्षित वर्ग अनुकूल मिळाला, त्याच्या मनाची मशागत ‘माले’ने आधीच केलेली होती.

‘माला’ का टिकली, याची तीन कारणे मला दिसतात. पहिले, तिचा विषय ठरलेला होता. मराठी भाषा, इतिहास, वाङ्मय आणि स्वदेशाची स्थिती यांच्या कक्षेतच ती फिरत राहिली. घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे ठाऊक होते. दुसरे, तिचा आवाज एकच होता. तो पटो वा न पटो, ओळखू येई. तिसरे, शास्त्रीबोवांना मासिक चालविण्याची सवय आधीच झालेली होती. वडील कृष्णशास्त्री यांच्या ‘शालापत्रका’च्या कामात त्यांचा हात बसला होता. वाचक मिळविण्यापूर्वी त्यांनी नेम मिळविला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आजच्या साधनांकडे वळू. फेसबुकसारख्या ठिकाणी लिहिले म्हणजे हजारो लोक वाचतील, असे नव्या लेखकाला वाटते. परंतु तेथे कोणाचे लेखन कोणापुढे यावे हे लेखक ठरवीत नाही, वाचकही पूर्णपणे ठरवीत नाही. ती कंपनी ठरविते आणि आपल्या सोयीने तो क्रम बदलते. जत्रेच्या पेडीत मांडलेले दुकान आणि स्वतःच्या घरची पडवी यांत जो भेद, तोच येथे आहे. जत्रेत गर्दी असते, पण ती जत्रेची असते, दुकानाची नव्हे. व्हॉट्सॲप आपल्या लोकांना अधिक जवळचे वाटते. परंतु तेथील प्रसारण-यादीत २५६ माणसेच घेता येतात आणि ज्याने आपला क्रमांक नोंदवून ठेवला असेल त्यालाच संदेश पोचतो. उलट, वाचकांच्या ई-मेल पत्त्यांची वही लेखकाच्या मालकीची असते. पाठविण्याचे साधन बदलले तरी वही बरोबर नेता येते. पूर्वीच्या संपादकाची वर्गणीदारांची वही आणि ही वही यांत तत्त्वतः काही भेद नाही. म्हणून जत्रेत जावे, पण आलेल्याला घरचा रस्ता सांगावा.

या वहीत नावे कशी घालावीत? येथे पहिला नियम संमतीचा. लग्नाच्या निमंत्रणासाठी जमविलेले पत्ते, शाळेच्या पटावरील पालकांचे पत्ते, संमेलनाच्या नोंदवहीतील पत्ते उचलून त्यांवर आपले लेखन धाडणे हे गैर आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा पायाही संमती हाच आहे. शिवाय ते तोट्याचेही आहे. न मागता आलेले पत्र माणूस ‘नको असलेल्या’ टपालात ढकलतो. असे अनेकांनी केले की ई-मेल वाहणाऱ्या कंपन्या त्या लेखकाची इतरांकडे जाणारी पत्रेही संशयाने पाहू लागतात. मग ज्यांना पत्र हवे होते त्यांच्याकडेही ते पोचत नाही. २०२४ पासून गूगल व याहू या कंपन्यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांना, एका दाबासरशी नाव काढून घेण्याची सोय देणे भाग पाडले आहे. लहान लेखकानेही ती आपण होऊन द्यावी. ज्याला जावयाचे आहे त्याला दार उघडे असावे. येणाराही मग निर्धास्तपणे येतो.

दुसरा नियम असा की, वाचक जेथे आधीच बसलेला आहे तेथे आपण जावे. गावचे वाचनालय, तालुक्यातील साहित्यसंमेलन, दिवाळी अंक, वृत्तपत्राची रविवारची पुरवणी, ही ती ठिकाणे. तेथे एक चांगला लेख द्यावा आणि खाली एकाच ओळीत लिहावे की, या विषयावर मी दरमहा पत्र लिहितो, हवे असल्यास कळवावे. वाचकाला वाचक जोडतो हे खरे, परंतु दुसऱ्याला दाखवावे असे काही हाती असेल तेव्हाच. म्हणून प्रत्येक पत्रात निदान एक गोष्ट अशी असावी की जी अन्यत्र मिळत नाही.

येथे आमचा प्रदेश उपयोगी पडतो. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला. त्या देवळाभोवतीच्या लोकस्मृती कोणी टिपल्या? १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो दिवस पाहिलेल्यांच्या घरी आज काय सांगितले जाते? डिचोली तालुक्यातील खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या, तेव्हा ट्रकवर पोट असलेल्या घरांनी काय केले? मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहता झाला; त्याच्या पठारावर पूर्वी गुरे कोठे चरत? शिरगावची लईराईची जत्रा, पेडण्याची पुनव, दशावताराच्या रात्री, बायकांचा धालो, यांपैकी प्रत्येकावर वर्षभर लिहिता येईल. मुंबई-पुण्याच्या लेखकाला हे लिहिता येणार नाही, आणि गाव सोडून मुंबईस किंवा आखातात गेलेल्या आमच्या माणसाला हेच वाचावयाचे असते. क्षेत्र अरुंद ठेवावे व विहीर खोल खणावी.

तिसरा नियम नेमाचा. आमच्या देवळांत पुराणिक दिवेलागणीनंतर ठरल्या वेळी बसत. त्या वेळी चार माणसे असोत की चाळीस, पोथी उघडली जाई. उलट, १९५० नंतरच्या दशकांत मराठीत जी लघुनियतकालिके निघाली त्यांना लोक ‘अनियतकालिके’च म्हणू लागले. वाङ्मयदृष्ट्या त्यांतील कित्येकांची कामगिरी फार मोठी आहे. पण वाचकाला वाट पाहण्याची सवय लावणे त्यांना साधले नाही, कदाचित त्यांना ते नकोच होते. आठवड्याला जमत नसेल तर महिन्याला लिहावे, परंतु ठरलेला दिवस चुकवू नये.

पैशाविषयी थोडेसे. वर्गणी मागण्याची लाज आपल्या लेखकाला उगाच वाटते. पूर्वी मनीऑर्डरीचा खटाटोप होता. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून पन्नास रुपयेही सहज येतात. समजा, पाचशे वाचकांपैकी पंचवीस जणांनी वर्षाला पाचशे रुपये दिले, तर साडेबारा हजार होतात. एवढ्यावर संसार चालणार नाही. परंतु पुस्तके, प्रवास आणि जुन्या कागदपत्रांच्या नकला यांचा खर्च निघेल. मुख्य लेखन सर्वांना खुले ठेवून देणाऱ्यांना काही अधिक द्यावे, ही रीत मला बरी वाटते.

शेवटी संख्येचा मोह. किती जणांनी पत्र ‘उघडले’ याचा आकडा ही साधने दाखवितात. २०२१ पासून ॲपलच्या टपालव्यवस्थेत, वाचकाने पत्र न पाहताही ते उघडल्याची नोंद होऊ शकते. म्हणजे तो आकडा फुगलेला असतो. खरी खूण निराळी आहे. एखादा वाचक उलट पत्र लिहितो, चूक दाखवितो, आपल्या आजीकडून ऐकलेला पाठभेद कळवितो, हीच ती खूण. अशा पत्राला उत्तर देणे हे पुढचा लेख लिहिण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आणखी एक गोष्ट गोमंतकापुरती सांगितली पाहिजे. आमच्या घरात बोलणे कोकणी आणि लिहिणे-वाचणे मराठी, असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. मराठी वाचता येणारी मुले आजही आमच्या वर्गांतून बाहेर पडतात, पण पाठ्यपुस्तक मिटल्यावर त्यांच्या हाती त्यांच्या गावाविषयीचे मराठी पान क्वचितच येते. १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीला स्थान आहे. परंतु कायदा वाचक निर्माण करीत नाही. वाचण्याची सवय मोडली की एका पिढीत भाषा केवळ सभेतील भाषणांपुरती उरते. ही भीती मी पटावर बसूनच पाहत आलो आहे.

म्हणून माझ्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे. चाळीस हा आकडा लहान नाही. तो एक भरलेला वर्ग आहे. आपण दोघेही रोज तेवढ्यांसाठीच उभे राहतो, आणि त्यांतील पाच जणांनी जरी मनावर घेतले तरी वर्ष फुकट गेले असे मानीत नाही. पुढच्या पहिल्या रविवारी पत्र निघावे. माझे नाव एकेचाळिसावे घालावे.