ईदचा कुर्ता आणि शिलाईचा हिशोब

रमजानचा दुसरा अशरा संपत आला की गावातल्या टेलरच्या दुकानांवर एक पाटी लागते : ‘ऑर्डर बंद’. रमजान महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग मानतात, त्यातला एक भाग म्हणजे अशरा. शेवटच्या अशऱ्यात मशिदीत गर्दी वाढते आणि टेलरच्या दुकानात मशीन थांबत नाही. तरावीहची नमाज आटोपून आलेला कारागीर थेट सहेरीपर्यंत मशीनवर बसतो. चाँदरातीला दुकानाचे शटर पहाटेपर्यंत उघडे असते आणि तरीही कुणाचा ना कुणाचा पायजमा काज-बटणाला अडकलेला असतो.

या दिवसांत दुकानाच्या पायरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘कापडापेक्षा शिलाईच महाग झाली की!’ दिवाळीत आणि लग्नसराईत हेच वाक्य दुसऱ्या घरांतून ऐकू येते. तक्रार अगदीच खोटी नाही. ज्यांच्या घरात तीन-चार मुलगे आणि म्हातारे वडील आहेत, त्यांचा ईदच्या शिलाईचा आकडा महिन्याच्या किराण्याशी स्पर्धा करतो. पण हा आकडा येतो कुठून, हे फारसे कुणी उलगडून सांगत नाही. टेलर सांगत नाही, कारण त्याला वेळ नसतो. गिऱ्हाईक विचारत नाही, कारण त्याचे लक्ष फक्त शेवटच्या रकमेवर असते.

सुरुवात शब्दांपासून करू. ‘टेलर’ या शब्दाच्या मुळाशी ‘कापणे’ आहे. फारसीतून आलेल्या ‘दर्जी’च्या मुळाशी ‘दर्ज’ म्हणजे शिवण आहे. एका भाषेने या माणसाला कात्रीवरून ओळखले, दुसरीने सुईवरून. शिलाईच्या दरात ही दोन्ही कामे असतात आणि ती बहुधा दोन वेगळी माणसे करतात. मापे घेणारा आणि कापड बेतणारा तो मास्टर, मशीनवर बसणारा तो कारागीर. आपली ओळख मास्टरशी असते. कारागीर पडद्यामागे किंवा माळ्यावर असतो. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याचा वाटाही आपल्या हिशोबात येत नाही.

आधी कापड. कापडाचा भाव मीटरवर असतो, पण खरा भाव पन्ह्यावर ठरतो. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. मध्यम बांध्याच्या माणसाला गुडघ्याखाली जाणारा पूर्ण बाहीचा कुर्ता शिवायचा तर ५८ इंची पन्ह्यात साधारण अडीच मीटर कापड लागते, ३६ इंची पन्ह्यात साडेतीन. समजा, ३६ इंची कापड १८० रुपये मीटर आणि ५८ इंची २४० रुपये मीटर आहे. स्वस्त वाटणारे कापड ६३० रुपयांना पडते आणि महाग वाटणारे ६०० रुपयांना. त्यात कापड चौकड्यांचे असेल तर पट्ट्या खिशावर, बाहीवर आणि पुढच्या दोन भागांवर जुळवाव्या लागतात. त्यासाठी थोडे कापड जास्त लागते आणि कटिंगला वेळही जास्त लागतो. सुती कापड तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कात्रीखाली गेले पाहिजे. घाईत ही पायरी गाळली की ईदच्या दिवशी बरोबर बसलेला कुर्ता पहिल्या धुण्यानंतर धाकट्या भावाचा होतो.

नंतर माप. रेडिमेड कपड्याला तीन-चार साइज पुरतात, कारण तो कुणा एकाच्या अंगासाठी शिवलेला नसतो. कारखान्यात कापडाचे डझनावारी थर एकावर एक रचून एकाच वेळी कापतात. मग एक जण दिवसभर फक्त कॉलर शिवतो, दुसरा फक्त बाह्या जोडतो. त्यामुळे नगामागचा खर्च उतरतो. टेलरकडे मात्र प्रत्येक कुर्ता पहिल्यापासून सुरू होतो. उंची, छाती, पोट, सीट, खांदा, बाही, मुंढा, गळा आणि पायजम्याची मोहरी अशी आठ-दहा मापे वहीत उतरतात. जाणता मास्टर यापेक्षा जास्त पाहतो. उजवा खांदा किंचित उतरता आहे, पोट पुढे असल्याने कुर्ता समोरून वर उचलला जाईल, म्हाताऱ्या चाचांची पाठ वाकली आहे म्हणून मागचा भाग थोडा लांब हवा. हे टेपवर मोजता येत नाही, नजरेला दिसावे लागते. नंतर तो खडूने कापडावर आखतो आणि कात्री चालवतो. शिवण उसवता येते, कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही. कटिंगच्या पैशांत ही जोखीमही धरलेली असते.

१८५१ साली आयझॅक सिंगरने आपल्या शिलाई मशीनचे पेटंट घेतले. मशीन आले आणि लांब शिवणीचे तासांचे काम मिनिटांवर आले. पण मापे घेणे, बेतणे, कॉलरचे टोक बाहेर काढणे, तुरपाई करणे ही कामे हातावरच राहिली. म्हणून कपड्यात हातकाम जितके जास्त, तितकी शिलाई चढी.

हे एकदा लक्षात आले की दरपत्रक वाचता येते. साधा पायजमा स्वस्त आणि चुडीदार महाग का? चुडीदाराचे कापड उरेप कापावे लागते, म्हणजे तिरपे. तिरपे कापलेले कापड ताणले जाते, म्हणून ते पोटरीला घट्ट बसूनही पाय आत जाऊ देते आणि घोट्यावर चुण्या पडतात. उरेप कापताना कापड जास्त खर्ची पडते आणि ताणणारे कापड शिवायला हातही स्थिर लागतो. पठाणीचा दर साध्या कुर्त्यापेक्षा जास्त का? शर्टासारखी कॉलर, कफ, पुढची पट्टी, खिसे आणि खाली घेरदार सलवार. म्हणजे तुकडे जास्त आणि जोड जास्त. जुन्या पद्धतीच्या कळीदार कुर्त्यात दोन्ही बाजूंना कळ्या आणि काखेत बगलेचा चौकोनी तुकडा असतो. तो बाहेरून कुणाला दिसत नाही, पण नमाजेत हात वर नेताना आणि सजद्यात वाकताना कुर्ता काखेत ओढत नाही, तो त्याच तुकड्यामुळे.

शेरवानीची आणि कोटाची गोष्ट वेगळी. निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्यात शेरवानी हा दोन्ही समाजांतल्या प्रतिष्ठितांचा पेहराव होता. औरंगाबादचे सूत-रेशमी हिमरू कापडही शेरवानीसाठी नावाजलेले. शेरवानीची किंमत तिच्या आतल्या बाजूला असते. छाती ताठ आणि तरी मऊ राहावी म्हणून आत कॅनव्हास घालतात. तो हाताने, सैल टाक्यांनी बसवला तर अंगाच्या ठेवणीप्रमाणे वळतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. त्याऐवजी गोंदाचे फ्युजिंग इस्त्रीने चिकटवले तर काम झटपट आणि स्वस्त होते, मात्र ते हलके असेल तर काही धुलाईंनंतर छातीवर फुगे येतात. दुकानाच्या काचेतून दोन्ही शेरवान्या सारख्याच दिसतात. शिवाय कच्च्या टाक्यावर एक तरी ट्रायल, पूर्ण अस्तर, आतले खिसे, हाताने केलेली काजे. लंडनच्या सॅव्हिल रो या कोट-सूट शिवणाऱ्यांच्या नामांकित गल्लीत, तिथल्या संघटनेच्या नियमाप्रमाणे, एका सुटामागे किमान ५० तासांचे हातकाम असावे लागते. तिथल्या किमती आपल्या आवाक्यातल्या नाहीत, पण हिशोबाची रीत तीच आहे. कपड्याची किंमत म्हणजे मुख्यतः कुणाचे तरी तास.

आता त्या तासांचे पैसे कुणाला मिळतात ते पाहू. आकडे गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, कुर्ता-पायजम्याची शिलाई ७०० रुपये आहे. कारागिराला नगावर ३२० रुपये मिळतात. बटणे, दोरा, बकरम, काज आणि इस्त्री यांत ८० जातात. उरले ३००. त्यातून मास्टरची मापे आणि कटिंग, दुकानाचे भाडे, वीजबिल, मशीनची दुरुस्ती, ‘जरा सैल करून द्या’ म्हणून परत आलेले कपडे आणि वर्षातून एखादे चुकून बिघडलेले कापड भरून देणे. स्वच्छ काम करणारा कारागीर दहा तासांत दोन जोड उतरवतो असे धरले तर त्याला तासाला ६४ रुपये पडतात. यात सुट्टी, आजारपण किंवा डोळ्यांचा चष्मा यांचा पैसा कुठेच नाही.

आता आपण घासाघीस करून १०० रुपये कमी केले. भाडे कमी होत नाही, वीज स्वस्त होत नाही, बटणवाला सूट देत नाही. म्हणजे ते १०० एकतर मास्टरच्या पदरचे जातात, किंवा नगाचा दर उतरवून कारागिराचे. तेही नाही जमले तर कपड्यातून जातात : टाका लांब होतो, आत सोडायचा दाब कमी होतो, सुती कापड न भिजवताच कापले जाते.

आणखी एक गोष्ट. टेलरचे भाडे बारा महिने चालू असते, काम मात्र हंगामी. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो. कधी तो लग्नसराईत येतो आणि काम अंगावर कोसळते, कधी पावसाळ्यात येतो आणि कापड वाळत नाही. आपल्या गावांतल्या मशीनवर बसणारे हातही एकाच समाजाचे नसतात. रमजानच्या रात्री रोजेदार सोबत्याचे काम हिंदू कारागीर ओढतो आणि दिवाळीच्या आठवड्यात मुसलमान कारागीर त्याची परतफेड करतो. इस्लामी परंपरेत हजरत इद्रीस हे कपडे शिवणारे पहिले पुरुष मानले जातात आणि वारकऱ्यांचे संत नामदेव शिंप्याच्या घरातले. सुईदोऱ्याचा मान दोन्हीकडे जुना आहे.

याचा अर्थ टेलरने सांगितलेला दर मुकाट्याने द्यावा असा नाही. आपण पैसे देतो, तर विचारायचा हक्क आहे. आणि विचारायचे ते ऑर्डर देताना, कपडा हातात आल्यावर नव्हे. बटण, अस्तर, बकरम दरात धरले आहे का? कापड भिजवून घेणार का? कॅनव्हास की फ्युजिंग? ट्रायल किती? मुलांच्या कपड्यांत बाहीला आणि पायाला दाब किती सोडणार? वाढत्या मुलाच्या पायजम्यात दोन इंच दाब सोडला तर तोच पायजमा पुढच्या ईदलाही चालतो, आणि तेवढ्याने शिलाई निम्म्यावर आल्यासारखी होते. कपडा घेताना कॉलरची दोन्ही टोके सारखी आहेत का, खालचा घेर सरळ आहे का, खिशावरची पट्टी जुळली आहे का, हे दुकानातच पाहावे. उरलेले कापड मागावे, ते आपले असते.

टेलरच्याही बाजूने देणे लागते. पूर्ण होणार नाहीत एवढ्या ऑर्डरी घ्यायच्या आणि चाँदरातीला ‘बस, अर्ध्या तासात’ म्हणत लहान पोराला चार चकरा मारायला लावायच्या, हा या धंद्याचा जुना दोष आहे. मापात आणि वजनात कमी देणाऱ्यांना कुरआनातल्या ‘मुतफ्फिफीन’ या अध्यायात कडक इशारा आहे. तो तराजूइतकाच टेपला आणि दिलेल्या तारखेलाही लागू पडतो.

गिऱ्हाईकासाठीही पैगंबरांची एक शिकवण प्रसिद्ध आहे : मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या. ईदचे कपडे उधारीवर नेऊन ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्याने ती आठवावी. रमजानमध्ये आपण जकात काढतो, फितरा देतो, दारावर आलेल्याला रिकामा पाठवत नाही. पण कामाची मजुरी जकातीत धरता येत नाही. मजुरी हा हक्क आहे आणि जकात वेगळी. सकाळी शिलाईतून ५० रुपये कापून घ्यायचे आणि संध्याकाळी तेच ५० रुपये खैरात म्हणून द्यायचे, यात देणाऱ्याला पुण्य वाटत असेल, पण घेणाऱ्याची फक्त मान खाली गेलेली असते. ज्याचे त्याला मजुरी म्हणून दिले असते तर तो ताठ मानेने घरी गेला असता.

आणि ज्यांना यंदा शिलाई परवडत नाही, त्यांच्यासाठी : ईदला नवाच कपडा हवा असा धर्माचा हुकूम नाही. आपल्याकडे असलेल्यांपैकी चांगले, स्वच्छ कपडे घालावेत, एवढेच अपेक्षित आहे. गेल्या वर्षीचा कुर्ता कफ बदलून, बाहीचा दाब उसवून, कडक इस्त्री करून ईदगाहात तितकाच शोभतो. तेही काम टेलरच करतो. दर थोडका असतो, तो विचारून घ्यावा आणि रोख द्यावा. कारागिरालाही शिरखुर्म्यासाठी दूध-शेवया ईदच्या आदल्या रात्रीच आणाव्या लागतात.