अढी जमली की पाय घरी वळत नाहीत

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात 1914 साली वैद्य बंधूंच्या आखाड्यातून झाली. मंडळाच्या चमूने 1936 साली, ऑलिम्पिकच्या काळात, बर्लिनमध्ये कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. कुस्तीच्या मातीतून सुरू झालेली संस्था पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालवू लागली.

अशा आखाड्यात मुले टिकतात कशी, हे मल्लखांबाजवळ चांगले कळते.

इथे सगळ्यांना एकाच शिट्टीवर पळवून नंबर लावायचा नसतो. आधी पकड, मग अढी म्हणजे खांबाला पायांचा विळखा, पुढे तेढी, बगली, ताजवे, फरारे असे प्रकार. प्रत्येक पायरी मुलाची स्वतःची असते आणि काल न जमलेले आज जमले, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. मनोरा तर एकट्याने होतच नाही. खाली थोराड पोरे लागतात, वर चिमुरडे. आपल्याला जमते, आपली इथे गरज आहे, ही दुहेरी जाणीव बक्षिसापेक्षा जास्त काळ पुरते. शाळेतल्या पी.टी.च्या तासाला नेमकी हीच हवी आहे.

मुलांनी मैदानावर टिकण्याची निकड आकड्यांतही दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 17 वयोगटाला रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते दमवणारी हालचाल हवी. 2016 च्या आकडेवारीनुसार जगातील 11 ते 17 वयाची सुमारे 81 टक्के मुले त्यात कमी पडत होती.

अर्थात, हालचाल वाढवताना ऊनही पाहावे लागते. अमरावतीच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत खेळ पहाटे किंवा दिवेलागणीला ठेवावा, पाणी हाताशी असावे.