डीएनए कापणारी कात्री

डीएनए शिकवताना आपण फळ्यावर पीळ दिलेली शिडी काढतो. पण एका धाग्यात एखादा घटक जादा असला, तर तो जोडीविना राहतो व तेथे फुगवटा येतो. हामाओ उमेझावा यांनी जपानमध्ये जिवाणूपासून मिळवून १९६६ साली जाहीर केलेले ब्लिओमायसिन हे कर्करोगावरील औषध एरवी ग्वानिनशेजारी डीएनए कापते. अशा फुगवट्यापाशीही कापते. लोह व ऑक्सिजन यांच्या साहाय्याने ते धाग्यातील साखरेचा एक हायड्रोजन अणू काढून घेते आणि धागा तुटतो. दोन्ही धागे तुटलेली पेशी मरू शकते. मात्र या कात्रीला रोगी-निरोगी कळत नाही. औषध निष्प्रभ करणारे विकर फुप्फुसात कमी असते. तेथे इजा होऊ नये म्हणून डॉक्टर एकूण मात्रेवर मर्यादा ठेवतात.