कौटुंबिक न्यायालये आणि समुपदेशकांचे प्रशिक्षण

पती-पत्नींमधील वाद हा शेताच्या बांधावरील वादासारखा नसतो. बांधाचा निकाल लागला की दोन्ही पक्ष आपापल्या शेतात परततात आणि पुढे जन्मभर बोलले नाहीत तरी त्यांचे फारसे अडत नाही. विवाहविच्छेदाचा हुकूमनामा झाल्यानंतरही मूल मात्र दोघांचेच राहते. त्याची शाळा, त्याचे आजारपण, त्याची दिवाळीची सुट्टी या प्रत्येक प्रसंगी त्या दोघांचा एकमेकांशी संबंध येतो. अशा वादांसाठी निराळे न्यायालय, निराळी कार्यपद्धती आणि निराळ्या तयारीची माणसे असावीत, हा विचार त्यातूनच पुढे आला. न्यायालये स्थापन झाली, कार्यपद्धती ठरली. माणसे तयार करण्याचे काम मात्र एकदा करून संपणारे नाही. ते काम कसे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या न्यायालयांच्या कल्पनेशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. श्रीमती दुर्गाबाई देशमुख १९५३ मध्ये चीनच्या दौऱ्यावर गेल्या असता तेथील कौटुंबिक न्यायालयांचे काम त्यांच्या पाहण्यात आले. परतल्यावर त्यांनी याविषयी मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्याशी चर्चा केली. पुढे १९७४ मध्ये विधि आयोगाने आपल्या ५९ व्या अहवालात, कौटुंबिक वादांकडे नेहमीच्या दिवाणी दाव्यांहून अगदी वेगळ्या दृष्टीने पाहावे आणि सुनावणी सुरू होण्यापूर्वी समेटाचा यथायोग्य प्रयत्न व्हावा, असे सुचविले. १९७६ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याप्रमाणे दुरुस्ती झाली; परंतु न्यायालय तेच, दालन तेच आणि कामाचा रगाडाही तोच असल्यामुळे व्यवहारात फारसा फरक पडला नाही. महिला संघटनांनी मागणी लावून धरली आणि १९८४ मध्ये कौटुंबिक न्यायालय अधिनियम संमत झाला. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथील न्यायालयांचे काम १९८९ मध्ये सुरू झाले. नंतर नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, सोलापूर आदी ठिकाणी ही व्यवस्था पोचली.

या अधिनियमाची रचना पाहिली म्हणजे समुपदेशकाचे स्थान किती मध्यवर्ती आहे, हे ध्यानात येते. कलम ९ अन्वये समेट घडवून आणण्याचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे पहिले कर्तव्य ठरते आणि समेटाची वाजवी शक्यता दिसल्यास कामकाज तहकूब ठेवता येते. कलम ६ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे. कलम १२ खाली वैद्यकीय व समाजकल्याण क्षेत्रातील तज्ज्ञांचे साहाय्य घेता येते. कलम १३ अन्वये वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क म्हणून मानला जात नाही. त्यासाठी न्यायालयाची अनुमती लागते. या शेवटच्या तरतुदीचा परिणाम असा की, जी व्यक्ती आयुष्यात प्रथमच न्यायालयाची पायरी चढत आहे, तिची पहिली सविस्तर गाठ पुष्कळदा समुपदेशकाशीच पडते. घरातील गोष्ट ती परक्या माणसापुढे प्रथम उघड करते ती तेथेच.

पूर्वी हे काम गावातील वडीलधारी मंडळी करीत असत आणि आजही अनेकांची समजूत अशी असते की, चार पावसाळे अधिक पाहिलेल्या, गोड बोलणाऱ्या माणसाला ते सहज जमावे. ही समजूत चुकीची आहे. वडीलधाऱ्यांचा भर बहुधा एकाच गोष्टीवर असे : मुलीने सासरी परत जावे. ती का परतत नाही, हा प्रश्न विचारला जाई, पण त्याचे उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ कोणाजवळ नसे. समाजकार्यातील पदव्युत्तर शिक्षण आणि कौटुंबिक समुपदेशनाचा अनुभव या पदासाठी मागितला जातो, तो याच कारणाने. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेली व आज टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्था, १९५५ पासूनचे निर्मला निकेतन आणि पुण्याची १९६३ पासूनची कर्वे समाजसेवा संस्था यांच्यामुळे असे शिक्षण घेतलेली माणसे आपल्या राज्यात मिळू शकतात, ही जमेची बाजू होय. तथापि पदवी ही सुरुवात आहे. न्यायालयात बसून करावयाच्या समुपदेशनाला ज्या मर्यादा व जबाबदाऱ्या असतात, त्या महाविद्यालयात पुरत्या शिकविता येत नाहीत.

समेट कोठे थांबवावा

प्रशिक्षणात सर्वांत अवघड भाग हाच मानावा लागेल. विवाहसंस्थेचे जतन आणि मुलांचे कल्याण या दोन्हींविषयी आस्था असलेल्या व्यक्तींची न्यायाधीश म्हणून निवड व्हावी, अशी अधिनियमाची अपेक्षा आहे. ही दोन उद्दिष्टे पुष्कळदा हातात हात घालून चालतात. पण नेहमी नाही. ज्या घरात मारहाण होते तेथे समेट म्हणजे काय? पत्नीने पुन्हा त्याच घरात जाणे, एवढाच त्याचा अर्थ असेल तर समुपदेशकाने नकळत धोक्याला हातभार लावला, असे होईल.

याबाबत कायद्याने एक स्पष्ट दिशा दिलेली आहे आणि ती प्रत्येक नवीन समुपदेशकाने प्रथम समजून घ्यावी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याखालील २००६ च्या नियमांनुसार समुपदेशनात हिंसाचाराचे समर्थन ऐकून घेतले जात नाही. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून हात उगारला’ ही सबब तेथे चालत नाही. आणि ती चालणार नाही, हे समोरच्या पक्षाला आरंभीच सांगावे लागते. तडजोडीचा प्रयत्न करावयाचा तो पीडित महिलेची तशी इच्छा असेल तरच. या अधिनियमाच्या कलम २६ अन्वये तिला संरक्षणाचे उपाय कौटुंबिक न्यायालयातही मागता येतात. त्यामुळे ही तत्त्वे दुसऱ्याच न्यायालयाची आहेत, असे म्हणून बाजूला ठेवता येणार नाहीत.

अडचण अशी की मारहाण कोणी उघडपणे सांगत नाही. अर्जात ‘मतभेद’ असा मोघम शब्द असतो. पती शेजारी बसलेला असताना पत्नी ‘काही तक्रार नाही’ असेच म्हणेल. म्हणून दोघांना एकत्र बसविण्यापूर्वी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक ठरते. घरात पैसे कोणाच्या हाती असतात, माहेरी फोन करण्यास मोकळीक आहे काय, रात्री भीती वाटते काय, अशा साध्या प्रश्नांतून चित्र उभे राहते. हे प्रश्न कोणत्या क्रमाने आणि कोणत्या स्वरात विचारावेत, हे सरावानेच येते. प्रशिक्षणवर्गात एकाने पतीची, दुसऱ्याने पत्नीची, तिसऱ्याने समुपदेशकाची भूमिका घेऊन हा सराव करता येतो. सुरुवातीला सर्वांनाच हसू येते; पण पत्नीच्या खुर्चीवर बसून आपल्यालाच कोणी मध्येच तोडले म्हणजे काय वाटते, हे कळण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक तक्रारीमागे क्रौर्यच असते, असे गृहीत धरणारा समुपदेशकही तितकाच कच्चा. अपुरी जागा, नोकरीतील पाळ्या, मूल न होण्याचे दुःख, मुंबईत खोली आणि गावी आईवडील अशी ओढाताण, यांतून उभे राहिलेले वाद योग्य वेळी, योग्य शब्दांत बोलले गेले तर मिटतात. कोणते प्रकरण कोणत्या जातीचे आहे हे ओळखणे, हीच या व्यवसायातील खरी विद्या.

मुलाशी बोलताना

पालक व पाल्य अधिनियम, १८९० असो की हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ असो, मुलाच्या ताब्याचा निर्णय त्याच्या हिताकडे पाहून व्हावयाचा असतो. समजण्याइतके मोठे झालेल्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकते. पण ती इच्छा जाणून कशी घ्यावी? ‘तुला आई हवी की बाबा?’ हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला विचारणे म्हणजे घर मोडल्याचा दोष त्याच्याच माथी मारणे होय. कोणतेही उत्तर दिले तरी दोघांपैकी एकाला आपण सोडले, असे त्याला वाटत राहते.

सकाळी कोण उठवते, डबा कोण भरते, पोट दुखले तर कोणाला सांगतोस, शाळेत तुझ्याजवळ कोण बसते, असे विचारत गेले म्हणजे मूल स्वतःच्या जगाविषयी बोलू लागते. ते चित्र काढील, खेळणी मांडील, कधी गप्पच बसेल. गप्प बसण्यालाही अर्थ असतो. उलट, एखादे मूल मोठ्या माणसांची वाक्ये धडाधड म्हणून दाखवू लागले, तर ती कोणी पढविली आहेत काय, याचा संशय यावयास हवा. मात्र तेवढ्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई नको. बालमानसशास्त्राचा पाया असल्याशिवाय हे तारतम्य येत नाही आणि जेथे समुपदेशकाची मजल पुरत नाही तेथे कलम १२ चा आधार घेऊन तज्ज्ञाकडे प्रकरण सोपविण्याचा मोकळेपणाही त्याच्याजवळ असला पाहिजे.

भाषेचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. सोलापुरातील एखाद्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलली जात असेल. मुंबईच्या वस्तीत तर किती भाषा, याची गणती नाही. मूल ज्या भाषेत रडते त्या भाषेत त्याच्याशी बोलता आले नाही, तर निदान दुभाषी नातेवाईक नसावा, इतकी काळजी घेता येईल.

अहवाल आणि गुप्तता

समुपदेशकाजवळ सांगितलेली गोष्ट गुप्त राहते, याच विश्वासावर या कामाची सारी उभारणी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये केलेल्या नियमांत हे तत्त्व मान्य केलेले आहे. त्याचबरोबर पक्षकारांच्या घरची परिस्थिती, मुलाशी असलेले त्यांचे नाते यांसारख्या बाबींवर न्यायालय समुपदेशकाकडून अहवाल मागवू शकते. या दोहोंमधील सीमारेषा सूक्ष्म आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मुलाच्या ताब्याच्या एका प्रकरणात ती स्पष्ट केली : मध्यस्थी फसली तर तेथील बोलणी सामान्यतः गुप्तच राहतात, परंतु मुलाशी बोलून समुपदेशकाने सादर केलेला अहवाल त्याच्या हितासाठी न्यायालयाला पाहता येतो. त्यामुळे पक्षकारांना पहिल्याच बैठकीत, कोणती गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही आणि कोणती जाऊ शकेल, हे साध्या मराठीत सांगितले पाहिजे.

अहवाललेखन हा म्हणूनच प्रशिक्षणाचा स्वतंत्र विषय करावा. ‘मुलाचा आईकडे ओढा आहे’ हे समुपदेशकाचे मत झाले. ‘अर्धा तास मूल आईजवळून हलले नाही, वडिलांनी पुस्तक उघडल्यावर मात्र त्यांच्याजवळ जाऊन बसले’ ही पाहिलेली गोष्ट झाली. पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानलेले वेगवेगळे लिहिण्याची सवय लागली, तर न्यायाधीशाला स्वतःचा निष्कर्ष काढण्यास जागा राहते.

मध्यस्थीचे प्रशिक्षण आपल्याकडे बरेच रुळले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ मध्ये स्थापन झालेल्या मध्यस्थी व समेट प्रकल्प समितीने मध्यस्थांसाठी ४० तासांचा पाठ्यक्रम आखला आणि भाईंदरजवळील उत्तन येथे महाराष्ट्र न्यायिक अकादमीच्या जोडीने मध्यस्थी प्रशिक्षणाचे केंद्रही आहे. हे ४० तास उपयुक्त आहेत. पण समुपदेशकाला तेवढ्यावर भागविता येणार नाही. मध्यस्थाचे काम बैठकीबरोबर संपते. समुपदेशकाला लिहावे लागते, पुन्हा भेटावे लागते आणि घरीही जावे लागते. यासाठी वर्गातील शिक्षणानंतर अनुभवी समुपदेशकाच्या शेजारी बसून काही महिने काम पाहणे आणि नंतरही आठवड्यातून एकदा अवघड प्रकरणांवर नावे न घेता चर्चा करणे, ही पद्धत हितावह ठरेल. दिवसभर इतरांची दुःखे ऐकणाऱ्या माणसाचे मन एकतर बधिर होते किंवा शिणते. अशा चर्चेने दोन्हींना थोडाफार आळा बसतो.

प्रशिक्षण केवळ समुपदेशकांनाच हवे, असेही नाही. अर्ज स्वीकारणारा लिपिक, समन्स बजावणारा बेलीफ, दालनाबाहेर नावे पुकारणारा शिपाई यांचाही या कुटुंबांशी संबंध येतो. वकील नसलेल्या महिलेला ‘हा कागद अपुरा आहे, उद्या या’ एवढेच सांगितले गेले, तर तिची एक दिवसाची मजुरी आणि कदाचित पुन्हा येण्याचे धैर्यही जाते. कोणता कागद कमी आहे, हे चिठ्ठीवर लिहून देण्यास दोन मिनिटे पुरतात. न्यायालयीन कर्मचाऱ्यांसाठी एकदोन दिवसांचे वर्ग या दृष्टीने घेतले, तर खर्च फारसा येणार नाही.

निकालानंतरचे काम मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. समेट होऊन एकत्र राहू लागलेल्या दांपत्याला पुढेही मार्गदर्शन करणे, ताबा ज्याच्याकडे दिला त्याच्या घरी जाऊन मुलाची विचारपूस करणे, ही कामे समुपदेशकाकडे सोपविता येतात. पहिल्या महिन्यात भेटीचा वार ठरल्याप्रमाणे पाळला जातो. तिसऱ्या महिन्यात कोणाचा तरी उशीर, कोणाचा तरी राग आड येतो आणि मूल दप्तर घेऊन दाराशी वाट पाहत बसते. त्या वेळी घरी कसे जावे, कोणाशी आधी बोलावे, शेजाऱ्यांना संशय न येता चौकशी कशी करावी आणि ठरलेला वार बदलून घेण्यासाठी दोघांची संमती कशी मिळवावी, या गोष्टींचाही पाठ्यक्रमात समावेश झाला पाहिजे.