कोणती गाठ कुठे मारावी?

गाठ मारायला काय शिकायचे, असे मला वाटायचे. दोर घेतला, दोनदा गुंडाळला, ओढला, झाले! पण मागच्या पोळ्याला आमचे वासरू मरता मरता वाचले. तेव्हापासून मी गाठी नीट शिकलो.

त्या दिवशी आबा बैलांची शिंगे रंगवीत होते. वासरू बांधायचे काम माझ्याकडे आले. मी दाव्याचा फास करून त्याच्या गळ्यात घातला. फास म्हणजे सरकती गाठ, जितके ओढाल तितकी आवळते. ढोल वाजू लागले तसे वासरू बुजले आणि मागे ओढू लागले. त्याची जीभच बाहेर आली. माय विळा घेऊन पळत आली आणि तिने दावे कापले. आबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आरं बाबा, फास मोळीला टाकायचा असतो, जितराबाच्या गळ्यात नाही."

गळ्यासाठी न सरकणारी गाठ हवी. दाव्याच्या टोकापासून दोनेक हात सोडून एक लहान वेढा करा. वेढ्यात टोकाकडचा दोर लांब दोराच्या वर राहिला पाहिजे. आता टोक गळ्याभोवती फिरवून आणा, वेढ्यातून खालून वर काढा, लांब दोराच्या मागून वळवा आणि परत त्याच वेढ्यात घाला. मी असे लक्षात ठेवतो : घूस बिळातून निघाली, लिंबाला वळसा घालून पुन्हा बिळात शिरली. स्काउटमध्ये हिला बोलाइन म्हणतात. बांधल्यावर हाताने ओढून बघा. गळ्यातला फेरा लहान झाला तर गाठ चुकली!

मोसंबीच्या लदलेल्या फांदीला टेकू बांधतानाही हीच गाठ सैल मारावी. फांदी जाड होत जाते आणि फास सालीत रुततो.

दाव्याचे दुसरे टोक खुंट्याला सुरगाठीने बांधावे. गोठ्याला आग लागली किंवा जनावर अडकले, तर एका झटक्यात सुटते. फक्त मोकळे टोक जनावराच्या तोंडापासून लांब ठेवा. आमची शेळी ते चावून ओढते आणि सुटते. दोनदा सुटली आहे.

सुतळीची दोन टोके बांधायची तर निरगाठ. आधी डावे टोक उजव्यावर, मग उजवे डाव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतले की गाठ घसरते. बुटाची नाडी बघा. फुलाचे कान पावलावर आडवे बसले तर गाठ बरोबर, बोटांकडून घोट्याकडे उभे बसले तर चूक. माझे रोज उभेच असायचे.

पण जाड दोराला बारीक दोर निरगाठीने जोडू नका. आमचा पोहरा असाच विहिरीत गेला, मग गळ टाकून काढावा लागला. जाड दोर दुमडून धरा. बारीक दोर त्या घडीतून वर काढा, घडीच्या दोन्ही दोरांमागून फिरवा आणि स्वतःच्याच खाली अडकवा.

सुंभाची गाठ भिजली की फुगून घट्ट बसते, सोडताना नखे दुखतात. नायलॉन उलट गुळगुळीत असतो, म्हणून त्याला एक वेढा जास्त द्यावा आणि टोक वीतभर लांब ठेवावे.

या कागदाखाली खिळ्याला सुतळीचे दोन तुकडे टांगले आहेत, एक जाड, एक बारीक. पालकांनीही बांधून बघावे. सोडून परत टांगा, उद्या दुसरीच्या मुलांना लागतील.