टायरची रुंदी आणि पावसातील पकड

चेन्नईच्या पश्चिमेचे आवडी शहर रणगाड्यांसाठी देशभर परिचित आहे. येथील अवजड वाहन कारखान्यात विजयंता आणि त्यानंतर अजेय, भीष्म हे रणगाडे तयार झाले. अजेयचे वजन ४० टनांहून अधिक. तरीही जमिनीवरील त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलोहून कमी असतो. हे श्रेय त्याच्या रुंद व लांब पट्ट्यांचे. त्यामुळे टायर जितका रुंद तितकी पकड घट्ट, असा मोटारमालकांचा समज होणे स्वाभाविक आहे.

मोटारीचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिचा भार टायरमधील हवा पेलते. वजन आणि हवेचा दाब तेच राहिल्यास रुंद टायरमुळे रस्त्याला टेकणारे क्षेत्र फारसे वाढत नाही. त्याचा आकार बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबट, तर रुंद टायरचा आखूड व आडवा असतो. कोरड्या रस्त्यावर वळण घेताना हा आडवा ठसा उपकारक ठरतो आणि मोटार स्टिअरिंगला तत्परतेने प्रतिसाद देते.

साचलेल्या पाण्यात हाच गुण उणा ठरतो. पाण्याचा थर ३ मिलिमीटर आणि वेग ताशी ८० किलोमीटर असल्यास, ढोबळमानाने १६५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला दर सेकंदाला ११ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. १८५ मिलिमीटरच्या टायरला १२ लिटरांहून अधिक. ठसा आखूड असल्याने त्यासाठी अवधीही कमी मिळतो. पाणी हटले नाही, तर टायर त्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग व ब्रेक जवळजवळ निष्प्रभ होतात. यालाच ‘ॲक्वाप्लेनिंग’ म्हणतात. अशा वेळी जोराने ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरील पाय अलगद काढावा व स्टिअरिंग स्थिर ठेवावे.

आवडीत ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ, तर महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हे पावसाचे महिने. त्यापूर्वी टायरच्या खाचा तपासाव्यात. मोटारीसाठी कायद्याने किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी तोपर्यंत थांबू नये. पाण्याला वाट देतात त्या या खाचाच. हवेचा दाब उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठेवावा. दाब घटल्यास टायर कमी वेगातही तरंगू शकतो.

रुंद टायर हवेच असतील, तर उत्पादकाने त्या मोटारीसाठी मान्य केलेलाच आकार निवडावा आणि हा बदल विमा कंपनीस कळवावा. केवळ रुबाबासाठी केलेला खर्च पावसात महाग पडू शकतो. चांगल्या खाचा, योग्य हवा आणि आवरता वेग हीच खरी बचत.