बास गिटार: हाताच्या मापाची



आमच्या गटातल्या मुलींनी गणपतीसाठी बँड काढला. बास म्हणजे चार जाड तारांची, गाण्याला खालचा सूर देणारी गिटार. ती वाजवणारीची बोटं पडद्यांवर पुरेनात. ‘बाईचा हात लहानच,’ म्हणून लोक तिला बसवायला निघाले. आम्ही टेप लावली. मानेच्या टोकापासून घोडीपर्यंत ३४ इंच! ३० इंचीही मिळते. तिचे पडदे जवळ, तार दाबायला हलकी. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी तसलीच वाजवून जगभर गाजले.

घेताना उभं राहून वाजवा. खांदा भरतो का? सर्वांत जाड तार स्वच्छ बोलते का? तारांचा संचही आखूड मापाचाच घ्या.

विळा आपण हाताला बसेल तोच घेतो ना? मग वाद्यही तसंच घेऊ.